वंगणअण्णा

अण्णांच्या घरी बंदूक आहे, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती वाजलेली मात्र फारशी कुणी ऐकलेली नाही. अण्णांचं म्हणणं असं की, बंदूक वाजवणं हे शेवटचं काम; त्याआधीची कामं नीट व्हायला हवीत. ती कामं अजून चालू आहेत.

बंदूक म्हणजे छर्ऱ्याची एअर रायफल. नळी मधून वाकवली की आतली स्प्रिंग दाबली जाते, मग छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलपर्यंत जोर असलेली अशी रायफल आपल्याकडे परवान्याशिवाय घेता येते. छर्रा शिशाचा, वजनाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, कमरेत बारीक आणि मागे पोकळ घेर असलेला. कुणीही माणूस छर्ऱ्यांची डबी आणतो, उघडतो आणि डाळिंबाच्या बागेत रिकाम्या औषधाच्या बाटल्या मांडून फोडत बसतो. अण्णांनी डबी आणली, उघडली, एक छर्रा चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला, दोनदा फिरवला आणि म्हणाले, "कोरडा हाय."

जत तालुक्यात राहून माणसानं कोरडेपणाची तक्रार करावी यात नवल नाही. फक्त इथं बाकीचे सगळे ती आभाळाकडं बघून करतात.

अण्णा एसटीच्या आगारात स्टोअरकीपर होते. उभी नोकरी त्यांनी ग्रीस, इंजिन ऑइल आणि बेअरिंगांच्या पावत्या फाडण्यात घालवली. मेकॅनिक यायचे, ग्रीस घेऊन जायचे, अण्णा रजिस्टरात वजन मांडायचे. गाडी अण्णांच्या खिडकीसमोरून कुरकुरत जायची आणि अण्णांचे हात शिवशिवायचे. पण ते खातं वेगळं होतं. एवढं ग्रीस नजरेखालून गेलं आणि त्यातलं बोटभरही स्वतःच्या हातानं कुठं लावता आलं नाही, ही ज्याची जन्माची रुखरुख, त्याला निवृत्त झाल्यावर तोंडात तंबाखू धरून कट्ट्यावर बसता येईल का?

वाट दाखवली ती ऑलिम्पिकनं. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण करून ब्राँझपदक आणलं. आपल्या शेजारच्या जिल्ह्याचा पोरगा म्हणून आम्ही पेढे खाल्ले. अण्णांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "मास्तर, त्यानं मारलेली गोळी कोरडी हुती का वंगणाची?"

आता याला मी काय सांगणार? मी मराठी शिकवतो. अण्णांनी स्वतःच माहिती काढली. त्या प्रकारात .२२ ची काडतुसं वापरतात आणि त्यातल्या शिशाच्या गोळीला कारखान्यातच वंगणाचा पातळ हात दिलेला असतो. दुसऱ्या दिवशी अण्णा हे सांगायला आले तेव्हा त्यांचा चेहरा खुललेला होता. "पदक पोरानंच मिळवलं, मी न्हाई म्हणत न्हाई. खरं गोळी कोरडी असती तर?" मग कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये मिळवलेल्या विश्वविजेतेपदाचाही अण्णांनी त्याच अंगानं फेरविचार केला. खेळाडूची मेहनत, प्रशिक्षक, एकाग्रता या गोष्टी त्यांना मान्य आहेत. त्या बाकीच्या लोकांनी बघाव्यात, एवढंच.

रायफल आली आणि पाठोपाठ वंगणाची साधनं येऊ लागली.

पहिलं साधन अंगठा. त्याला खोबरेल तेल लावायचं आणि एकेक छर्रा अंगठा-तर्जनीत फिरवून वर्तमानपत्रावर उभा करायचा. एका डबीत पाचशे छर्रे. दुपारच्या जेवणानंतर बसलेले अण्णा चहापर्यंत मान वर काढायचे नाहीत. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि खोबरेलाची जी प्रकृती आहे तिला अनुसरून ते गोठलं. सकाळी अण्णांनी डबी उघडली तर आत पाचशे छर्ऱ्यांची एकच वडी. काकूंनी ती उन्हात ठेवायला सांगितली. अण्णा म्हणाले, "उन्हावर चालणारं साधन काय कामाचं? पॅरिसला ऊन असतंय का?"

दुसरं साधन शिलाई मशीनच्या तेलाचं. पत्र्याची सपाट डबी, तळाला सोफ्याच्या गादीतून कापलेला स्पंज, त्यावर मोजून तीन-चार थेंब, वर छर्रे, झाकण लावून डबी अलगद हलवायची. पाच मिनिटांत सगळ्या छर्ऱ्यांना एकसारखा पातळ हात बसतो. हे साधन उत्तम होतं. छर्ऱ्यांना तेल लावणारी जगातली हौशी माणसं असंच काहीतरी करतात आणि इथंच थांबतात. अण्णा थांबले नाहीत, कारण साधन नीट चालायला लागलं की अण्णांना करमेनासं होतं. आठवडाभर ते डबी हलवून बघत आणि सुस्कारा टाकत. शेवटी त्यांना त्यात खोट सापडली आणि जेवण जायला लागलं. खोट अशी की, छर्रे मुळात मळके होते.

म्हणून तिसऱ्या टप्प्यात धुणं आलं. शिशाची बारीक भुकटी छर्ऱ्याच्या अंगाला असते. तिच्यावर तेल लावणं म्हणजे घाणीला वंगण. छर्रे भांड्यांच्या साबणात धुतले जाऊ लागले, चहाच्या गाळणीतून गाळले जाऊ लागले आणि पंख्याखाली धोतराच्या फडक्यावर वाळू लागले. शिसं विषारी असतं हे मी सांगितल्यावर काकूंनी गाळणी, साबण आणि अण्णा, तिघांनाही परसात हलवलं. तिथं अण्णांना सुचलं की धुतलेल्या छर्ऱ्यांचं वजन करावं. ०.५३ ग्रॅमचे एका बाजूला, हलके-जड दुसऱ्या बाजूला. यासाठी ते पेठेतल्या सराफाकडं जाऊन बसत. सराफ जुना स्नेही, तोंडावर काही बोलला नाही, फक्त एकदा म्हणाला, "अण्णा, येवढं तर मी मंगळसूत्राला सुदिक तोलत न्हाई वो."

त्यानंतर अण्णांच्या नातवानं पुण्याहून आल्यावर त्यांना मोबाइलवर अमेरिका दाखवली, आणि घराचं स्वास्थ्य गेलं.

अमेरिकेत गोळ्या घरी ओतणारे हौशी लोक आहेत. मोटारीच्या चाकांना लावायची शिशाची जुनी वजनं वितळवतात, साच्यात ओततात आणि गोळ्या पाडतात. या गोळ्यांच्या अंगावर गोल खाचा असतात. त्या खाचांत वंगण भरलं नाही, तर बंदुकीच्या नळीत शिसं चिकटत जातं आणि नेम बिघडतो. वंगण म्हणजे मधमाशीचं मेण आणि त्यात कुणाचं ग्रीस, कुणाची चरबी, कुणाचं आणखी काही. प्रत्येकाची रीत वेगळी आणि प्रत्येकाची रीत जगात सगळ्यात चांगली. सुरुवातीला हे लोक ताटात गोळ्या उभ्या करतात, भोवती वितळलेलं वंगण ओततात आणि थिजलं की एकेक गोळी कापून काढतात. मग तेवढ्यावर मन भरत नाही. मग यंत्र येतं. गोळी ठेवायची, दांडा खाली ओढायचा. गोळी पोलादी भोकात शिरते, बरोबर मापाची होते आणि त्याच दमात बाजूच्या छिद्रांतून दाबानं वंगण तिच्या खाचांत भरतं. दांडा वर, गोळी बाहेर. मग त्या यंत्राला तापवायची पट्टी, मग वंगण आपोआप दाबणारी हवा, मग आणखी मोठं यंत्र.

अण्णांनी तो व्हिडिओ पाहिला आणि बराच वेळ बोलले नाहीत. आपण एकटे नाही हे कळल्यावर माणूस असाच गप्प होतो. सातासमुद्रापलीकडं आपल्याच वयाचा, आपल्यासारखंच पोट सुटलेला एक म्हातारा गोळीला वंगण लावायचं तिसरं यंत्र विकत घेतो आहे आणि त्याची बायको मागून काहीतरी बोलते आहे. भाषा कळत नव्हती, पण सूर काकूंचाच होता.

"मास्तर, आपुनबी गोळ्या वतू या," अण्णा म्हणाले. त्यांना गल्लीतल्या वकिलांकडं नेलं. वकिलांनी शांतपणे सांगितलं की, बंदुकीची गोळी-काडतुसं परवान्याशिवाय बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे आणि त्यात तुरुंग आहे. अण्णांनी विचार केला. "आत वंगणाची काय सोय हाय?" असं ते विचारतील या भीतीनं मी त्यांना उठवलं. वाटेत त्यांनी स्वतःच तोडगा काढला. "वतायचं ऱ्हाऊ दे. वंगणाला कायदा न्हाई."

त्या यंत्राच्या जवळ जाणारं एकच यंत्र घरात होतं. काकूंचा पितळी सोऱ्या, माहेरहून आलेला. अण्णांनी पोकळीत मेण आणि ग्रीस भरलं, खाली जाड शेवेची चकती लावली, भोकांत एकेक छर्रा बसवला आणि दट्ट्या फिरवला. कल्पना बिनतोड होती. एवढंच झालं की, अमेरिकेतली ओतीव गोळी भरीव असते आणि छर्ऱ्याची मागची बाजू पोकळ. ग्रीस त्या पोकळीत शिरलं, छर्रे चपटे होऊन खाली पडले आणि पाठोपाठ ग्रीसची शेव पडली. अण्णांनी सोऱ्या घासूनपुसून जाग्यावर ठेवला. काकूंना पत्ता लागला तो पुढच्या दिवाळीत. मी फराळाला गेलो होतो. चकल्या घशाखाली इतक्या सहज कधीच उतरल्या नव्हत्या.

मग मेंढीचं प्रकरण झालं. लोकरीत जी नैसर्गिक मेणचट चरबी असते, तिला लॅनोलिन म्हणतात आणि परदेशातले हौशी लोक ती वंगणात वापरतात, असं अण्णांनी वाचलं. आता मेंढीच्या बाबतीत जत तालुक्याला कुणी शिकवायचं कारण नाही. उंच, फुगीर नाकाची माडग्याळ मेंढी इथलीच; तिच्या बकऱ्याची किंमत ऐकून बाहेरचा माणूस दुचाकीवरून खाली बसतो. अण्णा थेट वाड्यावर गेले. धनगर म्हातारा म्हणाला, "पावनं, ही मटनाची जात हाय. हिच्या अंगावर केसच हाईत, लोकर कुठली?" तरी अण्णांनी पोतंभर केस आणले आणि परसात चुलीवर पातेल्यात उकळले. वास दोन गल्ल्या ओलांडून गेला. कुत्री जमली. संध्याकाळी पातेल्यावरून चमचाभर पिवळट साय निघाली. ती अण्णांनी काचेच्या बाटलीत भरून वर तारखेची चिठ्ठी लावली. स्टोअरकीपरचा हात आहे. माल कितीही थोडा असो, नोंद पक्की.

अण्णांना कुणी हसलं की ते इतिहासात शिरतात. "वंगणाला हसू नगा. कंपनीचं राज्य वंगणानं हादरलं." आणि हे खोटं नाही. एन्फिल्ड रायफलीचं काडतूस कागदी होतं; गोळी नळीतून सुरळीत उतरावी म्हणून त्याला चरबी लावलेली असे आणि काडतूस दातानं तोडावं लागे. जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या छावणीतून गाईच्या आणि डुकराच्या चरबीची बातमी पसरली. तेव्हा सरकारनं हुकूम काढला की काडतुसं बिनचरबीची द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं. या हुकमाशी आले की अण्णांचा आवाज भरून येतो. आपल्या पसंतीचं वंगण आपल्या हातानं! सरकारदरबारी एवढा शहाणा कागद पुन्हा निघाला नाही, असं त्यांचं मत आहे. पण उशीर झाला होता. २९ मार्चला बराकपूर, १० मेला मेरठ, आणि ३१ जुलैला आपल्या कोल्हापुरात २७ वी पलटण उठली. त्या उठावाला आणखीही पुष्कळ कारणं होती, असं मी म्हणून पाहिलं. "असतील की," अण्णा म्हणाले, "खरं रायफल नवी आणली आन् वंगणाचा इचार मागनं केला, ही चूक हायच का न्हाई?"

हल्लीचं साधन विजेवरचं आहे. भंगारातून आणलेली वायपरची मोटर, तिच्यावर आडवी बसवलेली प्लॅस्टिकची बरणी, बरणीत धुतलेले, तोललेले छर्रे आणि गुरांच्या डॉक्टरकडची सिरिंज. बरणी संथ फिरते, सिरिंजमधून तेल पडतं, छर्रे एकमेकांवर घरंगळत माखले जातात. लाइट गेली तर बॅटरी आहे. पाणी तापवायचा हीटर लावून तेलही कोमट ठेवलं जातं. हे यंत्र पुरं झालं त्या दिवशी अण्णांनी मला, वकिलांना आणि सराफाला चहाला बोलावलं आणि प्रथमच जाहीर केलं की आज बंदूक वाजेल.

दहा मीटर मोजले. कडब्याच्या पेंढ्या, त्यावर पोतं, पोत्यावर कागदी निशाण. स्पर्धेच्या निशाणावरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो. तो आम्हाला चष्मा लावूनही दिसला नाही, पण अण्णांना दिसत होता. त्यांनी छर्रा बसवला. तो इतका गुळगुळीत होता की दोनदा हातातून निसटला. नेम धरला. चाप ओढला.

असा बार झाला की सराफाच्या हातातली बशी गेली. नळीच्या तोंडातून धूर आला. शेजारच्या दावणीची म्हैस दावं ओढून उभी राहिली. छर्रा कुठं गेला ते आजवर कळलेलं नाही. पेंढ्यांत तो नव्हता.

काकू बाहेर आल्या. "अवो, काय फुटलं?"

अण्णा धुराकडं बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नव्हता. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढला की हवा एकदम दाबली जाते आणि तापते. तेल जास्त झालेलं असेल, तर डिझेल इंजिनात पेटतं तसं ते आत पेट घेतं. बार मोठा होतो, धूर होतो, छर्ऱ्याच्या वेगाला काही धरबंध राहत नाही आणि आतली सीलं खराब होतात. म्हणजे वंगण लावणं पुरेसं नव्हतं. ते किती लावलं हे मोजायला हवं होतं. म्हणजे आणखी एक साधन. अण्णा वीस वर्षांनी तरुण दिसत होते.

मी त्या दिवसापासून अण्णांना निशाणाबद्दल विचारणं सोडलं. छर्रा निशाणावर लागला तर प्रश्न संपतो आणि चुकला तरी निकाल लागतो, आणि अण्णांना यातलं काहीच नको असतं. सुधारणा चालू असते तोवर माणूस ना हरलेला असतो ना जिंकलेला. तो कामात असतो. आमच्या तालुक्यानं तरी या माणसाला हसू नये. म्हैसाळजवळ कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं इकडं चढवायची योजना होती, तेव्हा पाणी येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी शेततळी खणली, प्लॅस्टिकचा कागद अंथरला, पाइप टाकले, ठिबकच्या नळ्या धुऊन ठेवल्या. पूर्वेच्या गावांनी तर पाण्याची वाट बघत पिढ्या काढल्या. तयारी करून बसणं हा इथला मूळ धर्म. अण्णांनी तो छर्ऱ्यापर्यंत नेला, इतकंच. फरक एवढाच की पाणी यावं असं लोकांना मनापासून वाटत होतं.

यंदा यल्लमादेवीच्या यात्रेत मी अण्णांबरोबर गेलो. खिलार बैलांचा बाजार भरला होता, शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. पाळणे, भांड्यांची दुकानं, कन्नड-मराठीत चाललेली घासाघीस. अण्णांचं यातल्या कशाकडं लक्ष नव्हतं. ते सरळ फुगे फोडायच्या स्टॉलवर गेले. फळीवर चार जुन्या बंदुका, समोर पडद्यावर फुग्यांच्या रांगा. तिथं एक दहा-अकरा वर्षांचा पोरगा बंदूक खांद्याला लावून उभा होता. बंदुकीच्या बिजागरीचा करकर आवाज येत होता, छर्रे वाटीत धूळ खात पडलेले. पोरानं एकापाठोपाठ एक फुगे फोडले, बक्षिसाचा प्लॅस्टिकचा कंगवा घेतला आणि पाळण्याकडं पळाला.

अण्णांनी वाटीतला एक छर्रा उचलला. "कोरडा हाय," ते म्हणाले. "तरी लागला. नशीब बघा पोराचं."

मग त्यांनी फुगेवाल्याला परिचय दिला आणि चारही बंदुका ताब्यात घेतल्या. खिशातून सिरिंज निघाली, फडकं निघालं. बिजागऱ्या पुसल्या, थेंब सोडले, नळ्या वाकवून-सरळ करून पाहिल्या. करकर बंद झाली. ज्या हातांना उभ्या नोकरीत ग्रीस लागलं नाही, ते हात यात्रेतल्या गर्दीत तेलानं चमकत होते. छर्ऱ्यांनाही एकसारखा हात बसला. गिऱ्हाइकांनी बार काढून पाहिले. बंदूक आता इतकी अलगद वाजू लागली की शेजारच्या भेळवाल्यालाही ऐकू जाईना.

थोड्या वेळानं फुगेवाला डोकं खाजवत म्हणाला, "अण्णा, काम झ्याक झालं. खरं आवाजच येईना. आवाज न्हाई तर गिऱ्हाईक कसं थांबायचं?"

अण्णांच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि लगेच गेल्या. त्यांनी सिरिंज पुन्हा उघडली.

"आवाज पायजे व्हय? आदी सांगायचं की. आवाजाचं बी माप हाय माझ्याकडं. छर्ऱ्यामागं दोन थेंब जास्त घालू."

मी फुगेवाल्याच्या कानात परसातला बार, धूर, बशी आणि म्हैस एवढं सांगितलं. त्यानं चारही बंदुका उचलून फळीखाली सारल्या आणि यात्रा ऐन भरात असताना पडदा ओढून घेतला.

"का वो, बंद का केलं?" अण्णा म्हणाले. "बरं, ऱ्हाऊ दे. फुडल्या वर्साला थेंब मोजायचं मशीनच घिऊन येतो."